इतर-२ चे सकपाळ

सकपाळांविषयी लिहायचं तर आधी आमच्या ऑफिसातला पडदा समजावून सांगावा लागेल. त्याला इलाज नाही. हा माणूस बाहेर फारसा नव्हताच. जो काही होता तो त्या पडद्यावर होता.

आमचं एक मराठी संकेतस्थळ आहे. पाककृती, आरोग्य, सणवार, घरगुती अडचणी आणि वाचकांनी पाठवलेला मजकूर. ऑफिस मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली पुठ्ठ्याची खोकी कापतात, त्यामुळे दिवसभर पायाखालची फरशी बारीक थरथरत असते. महिन्याभरात ते जाणवेनासं होतं. वाचकाला संकेतस्थळावर सहा विभाग दिसतात. आम्ही जिथून लेख चढवतो त्या आतल्या पडद्यावर मात्र सत्तरच्या वर विभाग आहेत. उरलेले सगळे लपलेले. लेखावर आतून शिक्का मारायचा, बाहेर तो कोणाला दिसत नाही. ‘दिवाळीसाठी राखीव’, ‘फोटो बदला’, ‘लेखक रागावलेले’. हा शेवटचा खरोखर होता आणि त्यात एकवीस लेख होते. लेखांच्या यादीच्या डोक्यावर एक चौकट असते. तिच्यातून विभाग निवडला की तेवढेच लेख समोर राहतात, बाकीचे बाजूला होतात. ऑफिसात तिला फिल्टर म्हणतात. सकपाळ चाळणी म्हणायचे. हे सत्तर विभागही बहुतेक त्यांनीच पाडलेले होते.

मी तिथे लागले तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. त्याआधी गोरेगावच्या एका शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं काढलेली, त्यामुळे कागद जागच्या जागी ठेवणं मला येत होतं. संगणकही येत होता. पहिल्या दिवशी उपवासाचा एक जुना लेख काढायला सांगितला. मी शोधायच्या रकान्यात ‘साबुदाणा’ लिहिलं. दोनशेच्या वर लेख आले. शेजारच्या खुर्चीतून आवाज आला,

“शोधताय काय? चाळा.”

“म्हणजे?”

“वरून उपवास निवडा. मग महिना. मग आपला तो ‘पुन्हा चालेल’ विभाग. आता बघा किती राहिले.”

सात राहिले. मला हवा होता तो तिसरा होता. मी वळून आभार मानले तेव्हा सकपाळ पडद्याकडेच बघत होते. त्यांच्या हातात एक पोलादी फूटपट्टी होती. ती पडद्यावरच्या ओळीखाली आडवी धरून ते वाचत होते. ओळ संपली की पट्टी एक ओळ खाली.

ही पट्टी छापखान्यातली. सकपाळांचे खेडकडचे वडील गिरणीत होते, मुलगा गिरणीत न जाता छापखान्यात गेला आणि सव्वीस वर्षं मुद्रितं तपासत राहिला. छापखाना बंद झाल्यावर इथे आला. कागद गेला पण पट्टी राहिली. तिने पडद्यावर ओरखडे पडायचे. आमची कंटेंटप्रमुख केतकी, वय एकतीस, हुशार मुलगी, हिने त्यांना नवा पडदा दिला आणि हात जोडून म्हणाली, “काका, प्लीज, ह्याला तरी पट्टी नको ना.” सकपाळ म्हणाले, “बघू या.” दुसऱ्या दिवशी पट्टीच्या कडेला जुन्या मोज्याची चिंधी शिवलेली होती.

“बघू या” हा त्यांचा एकमेव नकार. लग्नाला या म्हटलं, बघू या. वाढदिवसाला थांबा म्हटलं, बघू या. थंड हवेचा झोत थेट त्यांच्या मानेवर यायचा. जागा बदलता का विचारलं, बघू या, आणि मे महिन्यातही शर्टाची वरपर्यंतची बटणं लावून बसायचे. स्वतःचं लग्न का केलं नाहीत असं कुठल्यातरी पोरीने धीटपणे विचारलं होतं. “राहून गेलं,” म्हणाले. दुधाची पिशवी आणायची राहून जाते तसं.

मला माणसं गोड वाटत वगैरे नाहीत. सकपाळ मला सुरुवातीला संथच वाटले, संथ म्हणजे कामात संथ. पण एका दुपारी माझं मत बदललं. पहिल्या पानावर टाकायला जुनं काहीतरी हवं होतं. मी बाळाच्या आहारावरचा एक बरा लेख निवडला आणि चढवायच्या बेतात होते.

“चाळणी लावली नाहीत तुम्ही, अर्चनाबाई.”

“चांगला लेख आहे, सकपाळ. वाचलाय मी.”

“‘परत नको’ निवडा आणि बघा त्यात आहे का.”

होता. त्या लेखात तान्ह्या बाळाला मध चाटवा असं लिहिलं होतं. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं एका डॉक्टर वाचकाने कळवल्यावर सकपाळांनी तो बाहेरून उतरवला होता आणि आत त्या लपलेल्या विभागात ठेवला होता.

“मग सरळ काढून का नाही टाकला?” मी विचारलं.

“काढला की कोणीतरी तोच पुन्हा नव्याने लिहितं. असू द्या. पण बांधून ठेवा.”

त्यानंतर मी चाळणी लावल्याशिवाय एकही जुना लेख बाहेर काढला नाही.

दुपारी पावणेएकला ते डबा उघडत. एक चपटा डबा, एक छोटी वाटी. सगळे आत टेबलाभोवती बसून जेवत, हे आपल्या खुर्चीत. त्यांच्या वाटीत काय असेल ते सांगता येत नसे. इतरांच्या डब्यात वारानुसार भाज्या ठरलेल्या, यांच्या वाटीत मात्र एखाद्या दिवशी एकाच वांग्याचं भरीत, एखाद्या दिवशी शेवग्याच्या दोन शेंगांची आमटी. एकदा मी न विचारता चव घेतली. छान होती.

“कोणी शिकवलं हे?”

“एका बाईंनी लिहिलंय.”

“आपल्याकडे? मी नाही पाहिलं.”

“मीठ जरा जास्त लिहिलं होतं त्यांनी,” सकपाळ म्हणाले. “कमी केलं मी.”

वाटीत की लेखात, ते मी विचारलं नाही.

वाचकांचं पान त्यांच्याकडे होतं. रोज पंधरा-वीस जणांचा मजकूर यायचा, आठवड्याला दोन लागायचे. ज्यांचा घ्यायचा नाही त्यांना पाठवायचं एक तयार पत्र होतं. नियमही होते: इतके शब्द हवेत, फोटो हवा, विषय चार लोकांच्या उपयोगाचा हवा. माझ्या एवढंच लक्षात आलं होतं की नाकारलेल्या लोकांची कधी तक्रार येत नाही. शाळेच्या ऑफिसात अठरा वर्षं बसलेल्या बाईला हे विचित्र वाटायला हवं होतं. ज्यांना नाही म्हणतो ती माणसं तक्रार करतातच.

मग सकपाळांच्या डोळ्याचं निघालं. मोतीबिंदू. आठ-दहा दिवस रजा. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मला कांदिवलीच्या एका दवाखान्यातून फोन आला.

“मॅडम, पेशंटला न्यायला कधी येताय?”

“कोणाला?”

“मोहन सकपाळ. सोबतची व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे फॉर्मवर. तुम्ही कोण त्यांच्या?”

“मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसते,” मी म्हणाले.

मी रिक्षा करून गेले. सकपाळ बाकावर बसले होते, डाव्या डोळ्यावर पांढरी झाकणी, मांडीवर कापडी पिशवी.

“विचारायचं तरी होतंत मला,” मी म्हणाले.

“तुम्ही नाही म्हणाला असतात तर दुसरं नाव नव्हतं,” ते म्हणाले.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर, पुसून लख्ख. कुठे काही अस्ताव्यस्त नाही, अस्ताव्यस्त करायला कोणी नाही. मी त्यांना औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून दिल्या, तोंडाने दोनदा म्हणून घेतल्या आणि निघाले. दारापर्यंत आले तेव्हा ते म्हणाले,

“अर्चनाबाई, एक काम होतं. तुमच्या नावाला मी परवा पूर्ण परवानगी देऊन ठेवली आहे. चाळणीत आता तुम्हाला एक विभाग जास्तीचा दिसेल. इतर-२.”

“काय आहे त्यात?”

“कदमबाईंचं पाकीट येईल मुलुंडहून. टाइप करून चढवा. विभाग इतर-२. दुसरा कुठलाही नको. आणि लेखाचा पत्ता त्यांच्या मोबाइलवर पाठवा. खाली ‘संपादक मंडळ’ लिहा.”

बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. झाकणी त्या बाजूलाच होती, तेही खरं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी यादी उघडली आणि इतर-२ निवडला. तीनशे बारा लेख. सगळे प्रसिद्ध झालेले, एकही बाहेर दिसत नव्हता. या विभागाला सकपाळांनी एक गुण लावून ठेवला होता: त्यातला लेख चढतो, त्याचा पत्ता तयार होतो, पण तो पहिल्या पानावर येत नाही, यादीत येत नाही, शोधूनही सापडत नाही. ज्याच्याकडे पत्ता आहे त्याच्यापुरता उघडतो.

एकेचाळीस लोक होते त्यात. एक निवृत्त लिफ्टमन, ज्याने तीस वर्षांत लिफ्टमध्ये ऐकलेली अर्धवट संभाषणं लिहिली होती. एक बाई, जिने आयुष्यात वापरलेल्या प्रत्येक कुकरवर स्वतंत्र लेख लिहिला होता. भांडुपचे एक गृहस्थ ऑस्ट्रेलियाचं प्रवासवर्णन लिहीत होते. सहाव्या भागात त्यांनीच सांगून टाकलं होतं की ते गेलेले नाहीत, जाणार होते. आणि प्रभावती कदम, मुलुंड. अठ्ठावन्न पाककृती. प्रत्येकीच्या नावाची सुरुवात तीच: एका माणसापुरती आमटी. एका माणसापुरतं पिठलं. एका माणसापुरता नारळीभात. पाव वाटी, दोन शेंगा, अर्धा कांदा, आणि उरलेल्या अर्ध्या कांद्याचं दुसऱ्या दिवशी काय करायचं ते.

नियमांत यातलं काहीच बसत नव्हतं. पण शुद्धलेखनाची एक चूक नव्हती. प्रत्येक लेख फूटपट्टीखालून गेलेला होता. प्रत्येकाखाली किती वेळा वाचला गेला त्याचा आकडा असतो. तिथे दोन होते. सगळीकडे दोन. लिहिणाऱ्याने एकदा उघडला, सकपाळांनी एकदा.

मला राग आला, खरं सांगते. सरळ नाही म्हणायला काय झालं होतं? आणि त्याच रागात मी कदमबाईंचं आलेलं पाकीट फोडलं, ‘एका माणसापुरती अळूवडी’ टाइप केली, इतर-२ मध्ये चढवली आणि पत्ता पाठवला. खाली ‘संपादक मंडळ’.

त्याच आठवड्यात केतकीने फर्मान काढलं. “अर्चनाताई, तुम्हाला सगळे विभाग दिसतात ना आता? साफ करा यार ते. सत्तर-सत्तर काय करायचेत? शुक्रवारी मी लिस्ट बघते.”

शुक्रवारी ती यादी बघणार, इतर-२ समोर तीनशे तेरा हा आकडा बघणार आणि विचारणार. सकपाळांना फोन करून आजारपणात ताण द्यायचा नाही असं मी ठरवलं. आणि माझ्या शाळेच्या ऑफिसातल्या अकलेने विचार केला. फायलीवरची चिठ्ठी काढली म्हणून आतले कागद काही जात नाहीत. विभाग पुसला तर लेख राहतील, पत्ते राहतील, त्या लोकांना उघडत राहील, फक्त नाव जाईल. केतकीला दिसणार नाही. मला ते फार शहाणपणाचं वाटलं. शुक्रवारी सकाळी दहाला मी इतर-२ पुसला.

विभाग पुसला की त्यातले लेख निराधार होतात आणि यंत्रणा निराधार लेख ‘सर्वसाधारण’ मध्ये टाकते, हे मला माहीत नव्हतं. आणि पहिल्या पानावरची ‘हे वाचलंत का?’ ही चौकट ‘सर्वसाधारण’ मधूनच भरते.

साडेअकराला केतकीची हाक आली. “अर्चनाताई! हे काय आहे? एका माणसापुरती आमटी?”

पहिल्या पानावर आमटी होती. तिच्याखाली लिफ्टमन, त्याच्याखाली ऑस्ट्रेलिया. आमटीखाली वाचकांच्या प्रतिक्रिया सुरू झाल्या होत्या. “मॅडम, एवढ्यासाठी गॅस कशाला पेटवता, बाहेरून मागवा ना.” “एकटेपणाची रेसिपी, झकास.” कोणीतरी हसून लोळणारे चेहरे टाकले होते. केतकीच्या टेबलाभोवती जमलेली पोरंही हसत होती. लेख मजेशीर होते, त्यांचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

“वाट लागली,” मी म्हणाले. “हे माझ्या हातून झालंय.” आणि काय ते सांगितलं. सगळं सांगावं लागलं. इतर-२ काय आहे हे सांगितल्याशिवाय ते तीनशे तेरा लेख आले कुठून हे सांगता येईना.

सकपाळ सोमवारी आले, काळा चष्मा लावून. केतकीने त्यांना आत बोलावलं, मलाही. ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं.

“काका, ह्या लोकांना वाटतंय की त्यांचं छापून आलंय.”

“आलंय की.”

“कुठे आलंय? कोणाला दिसतं ते?”

“त्यांना दिसतं.”

“काका, ही फसवणूक आहे ना.”

“हो,” सकपाळ म्हणाले.

केतकी वादाची तयारी करून बसली होती. या ‘हो’चं काय करायचं ते तिला कळेना. “नकाराचं पत्र तयार होतं आपल्याकडे,” ती म्हणाली. “नुसतं पाठवायचं होतं.”

“ते एकदा वाचून बघा. ‘आपला मजकूर आमच्या निकषांत बसत नाही.’ त्या बाईंनी आमटी लिहिली आहे. कुठल्या निकषात बसवायची त्यांनी ती?”

“पण दोनच वाचक, काका. तुम्ही आणि ते स्वतः.”

“छापखान्यात तर एकच असायचा,” सकपाळ म्हणाले. “मी.”

निर्णय वरून आला आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. तीनशे तेरा पानं उतरवायची. एकेचाळीस लोकांना खरं काय ते कळवायचं. सकपाळांचा करार महिनाअखेर संपत होता, तो पुढे वाढवायचा नाही. बाहेर येऊन खुर्चीत बसल्यावर मी त्यांना म्हणाले, “सकपाळ, माझ्यामुळे झालं.”

“विभाग पुसला की माल सर्वसाधारणमध्ये जातो,” ते म्हणाले. “हे मी सांगून जायला हवं होतं.”

याहून जास्त ते मला कधी बोलले नाहीत.

उरलेले दिवस त्यांनी पत्रं लिहिण्यात घालवले. तयार मजकूर नाही. एकेचाळीस निराळी पत्रं. आपला मजकूर आम्ही वेगळा ठेवला होता, तो सर्वांना दिसत नव्हता, हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, चूक आमची आहे. खाली ‘संपादक मंडळ’. मी म्हटलं, आता तरी स्वतःचं नाव घाला. म्हणाले, बघू या.

उत्तरं फार थोडी आली. लिफ्टमनने विचारलं, मग परत चालू कधी करताय? भांडुपच्या गृहस्थांनी ‘ठीक’ एवढाच शब्द लिहिला. कुकरवाल्या बाईंच्या मुलीचं उत्तर आलं की आई गेल्या वर्षी गेली, ती असं काही लिहायची हे आम्हाला ठाऊक नव्हतं, असेल तर सगळं पाठवता का? सकपाळांनी ते उत्तर दोनदा वाचलं, पट्टी लावून. मग लेख छापून, टाचून, पाकिटात घालून स्वतः पोस्टात टाकून आले.

कदमबाईंना मात्र पत्र गेलंच नव्हतं. मी यादी बघितली तेव्हा चाळीस खुणा होत्या.

“त्यांना फोन करू का मी?” मी विचारलं.

“फोनवर नको.”

“मग?”

“जाऊन सांगायला हवं.”

“जा मग.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “तुम्ही याल?”

महिन्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही मरोळहून रिक्षा केली आणि पवईवरून मुलुंडला गेलो. सकपाळांच्या मांडीवर कापडी पिशवी, तिच्यात एकोणसाठ पाककृतींचा गठ्ठा, पुठ्ठ्यात बांधलेला. वाटेत ते एकच वाक्य बोलले, ते रिक्षावाल्याशी, डावीकडे घ्या म्हणून. इमारत तीन मजली, जुनी पण नीटनेटकी. फाटकापाशी सकपाळ थांबले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

“दुसरा मजला,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही?”

“तुम्ही सांगा. तुम्हाला चांगलं सांगता येतं.”

“सकपाळ, हे तुमचं काम आहे.”

“आहे,” ते म्हणाले आणि जागचे हलले नाहीत.

भर दुपारी फाटकात वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वर गेले. कदमबाई पंचाहत्तरीच्या, उंच, सुती साडी खोचलेली. मी संकेतस्थळाकडून आले म्हटल्यावर त्यांनी मला आधी पंख्याखाली बसवलं, मग पाणी दिलं, मग म्हणाल्या,

“आठवडा झाला, माझं काही उघडत नाही गो. मला वाटलं फोनच बिघडला. शेजारच्या पोराला दाखवला, तो म्हणतो आजी फोन चांगला आहे.”

“फोन चांगला आहे,” मी म्हणाले आणि सांगायला सुरुवात केली. मी गोल गोल बोलत नाही. काय केलं होतं, कसं केलं होतं, काय झालं, सगळं क्रमाने सांगितलं. गठ्ठा मी टेबलावर ठेवला. त्यांनी पुठ्ठा बाजूला करून वरचं पान बघितलं.

“म्हणजे कोणी वाचलंच नाही.”

“दोघांनी वाचलं. एक तुम्ही.”

“आणि दुसरं कोण?”

“आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ. त्यांनी नुसतं वाचलं नाही. सगळं करून खाल्लं.”

कदमबाईंनी वर बघितलं. “सगळं? नारळीभातसुद्धा?”

“डब्यात आणायचे. मी बघितलंय.”

“घरी कोण असतं त्यांच्या?”

“कोणी नाही.”

त्यांनी पानं सारखी केली, गठ्ठ्याच्या कडा तळव्याने ठोकून एका ओळीत आणल्या. वेळ लागला त्याला. “मग ठीक आहे,” त्या म्हणाल्या. “चार जणांच्या घरी काय करायचंय त्याचं? पण मला सांगायला हवं होतं. मी गणपतीत सगळ्यांना सांगितलं होतं, माझं येतं म्हणून. कोणाला सापडायचं नाही. मला वाटायचं, लोक मुद्दाम म्हणतायत.”

“आम्ही दिलगीर आहोत,” मी म्हणाले. ऑफिसात म्हणतात तसं.

“कुठे राहतात ते?”

“कांदिवलीला. आत्ता खाली उभे आहेत.”

“खाली?” त्या ताडकन उठल्या. “उन्हात? आणि तू इथे पंख्याखाली बसून मला गोष्टी सांगतेस?”

त्या गॅलरीत गेल्या, मी मागोमाग. सकपाळ फाटकाच्या आतल्या बाजूला भिंतीशी उभे होते. भिंतीवर रहिवाशांच्या नावांचा फलक होता. त्याच्यावर नाक टेकेल इतक्या जवळ जाऊन ते वाचत होते, बोट एकेका नावाखालून सरकवत. वरून ते फार लहान दिसत होते. पिशवी माझ्याकडे होती, त्यामुळे त्यांचा दुसरा हात नुसता लोंबत होता.

“अहो!” कदमबाईंनी आवाज दिला. “अहो संपादक! वर या! भात टाकते!”

सकपाळांनी वर बघितलं. आधी तिसऱ्या मजल्याकडे, मग पहिल्या, मग आमच्याकडे. काळ्या चष्म्यामुळे चेहरा कळत नव्हता. मी हाताने या या केलं. ते दोन पावलं जिन्याकडे आले. मला वाटलं, येतायत.

“तांदूळ काढते मी,” कदमबाई म्हणाल्या आणि आत वळल्या. दारात थांबल्या. “दोघांचं प्रमाण मला आता आठवायला लागेल गो. तिघांचं तर विसरलेच.”

डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. खाली सकपाळ जिन्याच्या तोंडाशी उभे होते. तिथून त्यांना आम्ही दिसत नव्हतो, मला मात्र गॅलरीच्या टोकाला जाऊन वाकलं की ते दिसत होते. त्यांनी कठड्यावर हात ठेवला. एक पायरी चढले. मग बराच वेळ तिथेच. मी हाक मारली नाही. आता त्यांचं त्यांनी बघायचं होतं.

मग त्यांनी पाय खाली घेतला. वर न बघता, जिथे आम्ही दोघी असू असं त्यांना वाटलं असेल त्या दिशेने, हात जोडले आणि फाटकातून बाहेर पडले. रस्त्याच्या कडेने, सावली असलेली बाजू सोडून, उन्हाच्या बाजूने चालत गेले. वळणावर एक टेम्पो आडवा आला आणि तो हलला तेव्हा रस्ता मोकळा होता.

आत कदमबाई विचारत होत्या, “आले का?”